चाकावर उतरलेलं आकाश

रनाळ्याचा लोटन नाटक कंपनीचे पडदे रंगवायचा. त्याचा राजवाडा पाहून प्रेक्षकांनी वहाणा बाहेर काढाव्यात, असा हात! पण अडतीस साली, ऐन पन्नाशीत, त्याच्या नजरेत धुकं उतरलं. कंपनीला कळलं तर घरी बसावं लागणार. म्हणून हे फक्त बायकोला, छबूबाईला, ठाऊक होतं.

नेमका तेव्हाच कंपनीचा मुक्काम रनाळ्यात पडला, आणि तापी ओलांडताना देवलोकाचा पडदा भिजून वाया गेला.

"शनिवारी नवा पडदा हवा," मालक भीमसिंगराव गरजले. "खानदेशात कोणी पाहिला नसेल असा!"

शाळेतल्या शांतीलाल मास्तरांनी मासिकातला एक फोटो आणून दिला. दुर्बिणीतून टिपलेली दूरची दीर्घिका! "लोटनभाऊ, ही कोट्यवधी सूर्यांची जत्रा. मध्ये तेजाचा गोळा. त्यातून समोरासमोर दोन हात निघतात, वळसे घेत बाहेर जातात आणि विरत जातात. मधल्या फटींत काळोख."

घरी लोटनने फोटो नाकाशी धरला आणि हसला. "मले तर सारी दुनिया अशीच दिसस!" मग फोटो खाली ठेवला. "पन दोन्ही हात सारखा कसा काढू?"

"तुम्ही येडा शेतस का?" छबूबाई म्हणाली. "मी शे ना!"

तिने गाडीचं चाक उखळावर आडवं टाकलं, त्यावर काळं कापड ताणलं. शेजारची रेवाबाई चाक हळूहळू फिरवू लागली. नवराबायको समोरासमोर बसून चुन्यात भिजवलेल्या चिंध्या पिळत आपापला हात मधून कडेला नेऊ लागले. फिरत्या कापडावर थेंबांचे दोन वळसे उमटू लागले.

"सावकाश!" छबूबाई ओरडली. "तुम्हना हात होळीना भोंगऱ्या बाजारले पळत चालना का?"

शनिवारी ते कापड पडद्यात शिवलं, समोर गॅसबत्ती लावली. दर्शनी पडदा उघडला, आणि मांडवातली माणसं पाहायला उठून उभी राहिली. मग टाळ्या!

"लोटन, हा तुझा नेहमीचा हात नाही. कुणाचा?" मालकांनी विंगेत विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. लोटन म्हणाला, "एक माझा, मालक. एक हिचा. मला आता नीट दिसत नाही."

भीमसिंगरावांनी पडद्याजवळ जाऊन दोन्ही हात निरखले. "सोमवारी गाडी निघेल. दोन जागा धरा."

पुढे आठ वर्षं दोघांनी मिळून पडदे रंगवले. देवलोकाचा पडदा गुंडाळताना लोटन दर वेळी मास्तरांचं, रेवाबाईचं, मालकांचं नाव घेऊन हात जोडायचा. बायकोचं नाव घ्यायचा रिवाज नव्हता. तो फक्त चुन्याच्या उंचवट्यावरून बोट फिरवत तिचा हात शोधायचा, शेवटच्या विरळ थेंबापर्यंत.