आंटींचे दोन डावे पाय

फिलोमिना आंटी रोज सकाळी चपला घालून दाराशी खुर्चीत बसत. जायचं कुठेच नसे. धरमपेठेतला तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, आणि लोखंडी दाराची किल्ली माझ्या कमरेला. त्यांच्या मुलाने, जोसेफदादांनी, बंगलोरला परत जाताना ती माझ्याकडे दिली होती. "मम्मीला बाहेर न्यायचं नाही," एवढंच सांगून.

मी कोकणातली, सातवीत शाळा सुटलेली, आंटींना सांभाळायला ठेवलेली. परमुलखात डोक्यावर छप्पर मिळालं होतं; दादांचा शब्द मोडायची छाती नव्हती. गॅलरीत कपडे टाकायचे तरी "टाकू का?" विचारायची. आंटी चिडत. "काहून विचारतं वं? विचारत बसशील तं इथंच राहून जाशील."

त्यांना दूर दक्षिणेत, समुद्रकाठच्या वेळांकण्णीला जायचं होतं. दादा तान्हे असताना तापाने फणफणले, तेव्हा तिथल्या आरोग्यमातेला आंटी नवस बोलल्या होत्या: पोरगा वाचला तर चर्चसमोरच्या वाळूतून गुडघ्यांवर चालेन. पोरगा वाचला, नवस राहिला. "ज्याच्यासाठी बोलली, तोच म्हणून राहिला, 'मम्मी, पुढच्या वर्षी पाहू!'"

त्या चर्चची गोष्ट त्या अशी सांगत, जणू शेजारच्या गल्लीत घडली. पोर्तुगीज खलाशी तुफानात सापडले. मातेला म्हणाले, जिथे किनारा लागेल तिथे तुझं चर्च बांधू. मातेच्या वाढदिवशीच ते वेळांकण्णीला लागले. "अन् वेदीले काय लावलं त्याइनं? जहाजावरच्या चिनी मातीच्या बश्या! जवळ होतं ते देल्लं. माता साडी नेसते तिथं. तुह्यासारख्या हिंदू बायाबी येतात, कोणी काही पुसत नाही."

तिथे जे मागायचं, त्याची मेणाची प्रतिमा वाहतात. घर, पाळणा, हात. सप्टेंबरची जत्रा जवळ आली तशा आंटी म्हणाल्या, "माहे पाय बनव. कोणाच्या हाती पाठवून देऊ."

मी कणकेत त्यांचं पाऊल उठवलं, जुन्या मेणबत्त्या वितळवून ओतल्या. घाईत तोच साचा दोनदा वापरला.

"दोन्ही डावे!" आंटी पोट धरून हसल्या. "याइनं तं मी गोल गोल फिरून इथंच येईन ना वं!" मग एक पाऊल माझ्या हातात ठेवलं. "एक माहा, एक तुहा. तूबी तं बंदच आहे." दाराकडे बघत म्हणाल्या, "आज खोल ना दार. खालच्या फाटकापर्यंत."

मी किल्ली काढली. आणि दादांना फोन लावला. "आंटींना खाली नेऊ का?" ते नाही म्हणाले.

आंटींनी वाकून चपला काढल्या. पुन्हा कधी घातल्या नाहीत. थंडीत आंटी गेल्या.

दादा आले, लहान पोरासारखे रडले. मग म्हणाले, "फ्लॅट विकेपर्यंत तू राहा इथे. आतून कुलूप लाव."

"हो" तोंडात आलंच होतं. खुर्चीखाली चपला तशाच होत्या, शेजारी पाठवायचं राहिलेलं त्यांचं मेणाचं पाऊल. मी किल्ली टेबलावर ठेवली. "वेळांकण्णीला जाते, दादा. आंटींचा नवस राहिलाय."

वाळू तापलेली होती. गुडघे सोलवटत पोहोचले. मेणाच्या पायांचा ढीग होता, त्यावर आमचे दोन्ही डावे ठेवले. ढिगात उजवे पुष्कळ होते.