हुंग्या

संस्कृतात हेराला ‘चार’ म्हणतात, म्हणजे हिंडणारा. ‘स्पश’ म्हणतात, म्हणजे पाहणारा. आमच्या धानोऱ्याकडे मात्र साध्या वेशातल्या पोलिसाला ‘हुंग्या’ म्हणतात. ज्याच्यावरून हा शब्द रूढ झाला, तो मनुष्य १९८०नंतरच्या, नक्षल चळवळीच्या अस्वस्थ वर्षांत माझा शेजारी होता.

स्वतःला तो बांबूच्या ठेकेदाराचा मुनीम म्हणवी. भाजी घेताना, दार उघडताना, कोणी जवळ बसताच आधी तो वास घेई. मी पूजेला बसलो की ओसरीवरूनच म्हणे, “गुरुजी, कापूर वला झाला तुमचा.” बाजारातली माणसे त्याला थट्टेने हुंग्या म्हणत. तो पोलीस आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते.

चैत्रातल्या एका सकाळी आम्ही दोघे शेजारच्या खेड्याकडे निघालो होतो. वाटेत मोहाच्या झाडाखाली एक प्रेत दिसले. मान कुऱ्हाडीने जवळजवळ तुटलेली. शेजारच्या झाडाचा मालक सोमा याला लोकांनी बांधून घातले होते. मृताचे आणि त्याचे मोहाच्या झाडांवरून जुने भांडण होते, तेवढा पुरावा त्यांना पुरला. काठ्यांनी सोमाचा हात मोडला होता, तोंडातून रक्त वाहत होते. मृताचा धाकटा भाऊ कुऱ्हाड घेऊन पुढे झाला, “बाजूले व्हा. याले मीच पाहातो.”

मोहफुले पहाटे गळतात. गुरांच्या आधी ती वेचायची म्हणून सारे पारोशानेच रानात जातात. हुंग्याने सोमाचे केस हुंगले, मग त्या भावाचे केस आणि धोतर.

“साबन,” तो म्हणाला. “टोपली भरल्याबिगर इथी कोनी आंग धोत नाई. तू काऊन धुतलं, भाऊ?”

उत्तरादाखल कुऱ्हाड हुंग्याच्या खांद्यात रुतली. दुसऱ्या हाताने त्याने पिस्तूल काढले, आपण पोलीस असल्याचे सर्वांना सांगितले आणि सोमाचे दोर सोडवले.

जखम बांधताना मी म्हणालो, आता तुमचे सोंग उघडे पडले, इथे राहू नका. तो म्हणाला, “तो मेला असता गुरुजी, अन् मी मुनीमच राह्यलो असतो.”

आषाढात खुन्याच्या भाऊबंदांनी त्याला बाजाराच्या वाटेवर गाठून तोडले. नदीला पूर होता. ठाण्याचे कोणी येऊ शकले नाही. भीतीने प्रेताला कोणी शिवेना. सोमानेच ते खांद्यावर उचलून आणले, चिता रचली. मंत्रात मृताचे नाव-गोत्र घ्यावे लागते. मुनीम म्हणून सांगितलेले नाव खोटे होते, खरे मला ठाऊक नव्हते. मी थांबलो.

“माहा भाऊ म्हना,” सोमा म्हणाला. “माह्या गोताचा.”

मी तसेच म्हटले.