विशालाक्षीची समुद्ररेषा

विशालाक्षीला राग आला की तिच्या हातातला खडू मोडायचा. तंजावुरातल्या मुलींच्या कॉलेजात ती गणित शिकवायची. उत्तर चुकलं तर ती रागवत नसे. "असंच असतं, बाई" असं कुणी म्हटलं की मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

वडील श्रीनिवासराव वकील. अशिलं घरी गेली की ते मुलीला खटले समजावून सांगत. तिने गणितात एम.ए. केलं आणि त्यांच्या हट्टापायी कायद्याचीही परीक्षा दिली. दोन्ही विद्या एका डोक्यात नांदत होत्या, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

१९५८ साली देशोदेशीचे कायदेपंडित जिनिव्हाला जमले आणि त्यांनी समुद्राच्या वाटणीचे नियम लिहिले. त्यातलं एक कलम तिने वाचलं. शेजारी देशांचं आपसांत जमलं नाही, आणि काही खास कारणही नसलं, तर समुद्रतळाची हद्द अशी आखावी की तिच्यावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर असेल.

"अप्पा, ही तर भूमिती आहे," ती वडिलांना म्हणाली.

"मग बरेंच की. भूमितींत पक्षपात नसतो."

"इथे आहे. पाहा."

ती कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठाची वाटी घेऊन ओट्यावर बसली. आत वळलेला किनारा काढला आणि त्यावर तीन देशांची तीन घरं मांडली. मग कायद्याच्या अक्षराला धरून सारख्या अंतराच्या रेषा ओढल्या. दोन्ही बाजूंच्या घरांच्या रेषा पुढे जाऊन एकमेकींना मिळाल्या, आणि मधल्या घराचं अंगण चिमटीत सापडल्यासारखं आवळलं गेलं.

श्रीनिवासराव वाकून पाहत राहिले. "अगे, हें तर मधल्यास लुटणें झालें!"

पुढची काही वर्षं तिने या एकाच प्रश्नाला दिली. किनारा किती वळला तर मधल्या देशाचा किती समुद्र जातो, आणि सारखं अंतर कुठपर्यंत न्याय्य राहतं, हे तिने समीकरणांनी दाखवलं. मग त्या समीकरणांच्या आधाराने कलमाचा अर्थ कसा लावावा, ते लिहिलं. परगावच्या एका विद्यापीठात, कायदा विभागात, तिने तो प्रबंध डॉक्टरेटसाठी दिला.

कायद्याचे प्राध्यापक राजगोपाल म्हणाले, "हे गणित आहे. तिकडे दाखवा." गणिताचे प्राध्यापक गुरुमूर्ती म्हणाले, "गणित बरोबर आहे, पण नवं प्रमेय कुठाय? हा कायदा आहे. तिकडेच न्या." बरेच महिने प्रबंध असा या दारातून त्या दारात फिरला. शेवटी १९६२ मध्ये दोघांनी तिला एकत्र बोलावलं.

"समीकरणं काढून टाका," राजगोपाल म्हणाले. "उरलेलं आम्ही वाचू."

"समीकरणं काढली तर उरेल ते माझं मत. मत काय, कॉफीच्या दुकानातही मिळतं. मी सिद्ध केलंय, सर."

"कायदा सिद्ध होत नसतो, बाई. आणि साऱ्या जगाने ठरवलेलं तुम्ही तंजावुरात बसून खोडणार?" राजगोपाल हसले. गुरुमूर्तीही हसले.

ती गठ्ठा उचलून निघाली. परतीची गाडी वाटेत पापनाशम स्टेशनात थांबली, आणि तिला रागाने रडू फुटलं.

घरी अप्पाही म्हणाले, "तूर्त काढून टाक. पदवी तर हातीं येईल."

"तुम्ही अशिलाचा अर्धा पुरावा घरी ठेवून कधी खटला चालवलात?"

श्रीनिवासराव म्हणाले, "नाही." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

पदवी नाही म्हणून बढती नाही. तिच्यामागून आलेले तिच्या वरच्या जागी बसले, आणि ती त्याच वर्गांना तेच धडे शिकवत राहिली. दरम्यान अप्पाही गेले.

फेब्रुवारी १९६९ मध्ये वर्तमानपत्रात बातमी आली. युरोपातल्या उत्तर समुद्राच्या तळावरून तीन देश भांडत होते, आणि मधल्या देशाचा किनारा आत वळलेला होता. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितलं की सारख्या अंतराचा नियम त्यांच्यावर बंधनकारक नाही; वाटणी न्यायाला धरून व्हावी.

"तुमचंच खरं ठरलं की!" सहकारी जयलक्ष्मी आनंदाने म्हणाली. "आता गोड काहीतरी द्या."

"गोड कसलं? माझं तेव्हाही खरंच होतं. हेगच्या न्यायाधीशांनी म्हणायची वाट का पाहायची?" विशालाक्षीचा आवाज इतका चढला की शिक्षकांच्या खोलीतली बाकीची बोलणी थांबली.

महिन्याभरात राजगोपालांनी तिला व्याख्यानाला बोलावलं, "तुमच्या त्या जुन्या छंदावर" बोलायला. तिने कळवलं की येईन, पण कायद्याचे आणि गणिताचे विद्यार्थी एकाच सभागृहात बसवा, आणि प्रबंध आहे तसा पुन्हा तपासा. पहिली अट मान्य झाली. दुसरीवर उत्तर आलं की मुदत संपली, नियम आड येतो.

ती तरीही गेली. फळा भरून बोलली. शेवटी गुरुमूर्ती उठून उभे राहिले. "मी त्या वेळी हा प्रबंध पुरता वाचला नव्हता," ते भर सभेत म्हणाले.

"ते तुमच्या हसण्यावरूनच कळलं होतं, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिला पदवी अखेरपर्यंत मिळाली नाही. विद्यापीठाने मात्र त्याच वर्षी दोन विभागांत मिळून संशोधन करण्याची सोय केली, आणि त्यात पहिली दाखल झाली ती तिचीच विद्यार्थिनी चंद्रमती. विशालाक्षीला स्वतःला डॉक्टरेट नव्हती, म्हणून मार्गदर्शक म्हणून नाव लागलं राजगोपालांचं. शिकवायचं मात्र विशालाक्षीनेच. चंद्रमतीने ते शरमत सांगितलं तेव्हा रागाचा एक मोठा घोट गिळून विशालाक्षी म्हणाली, "बरं. बस आता, आणि आधी किनारा काढ."