गयाक्काचे तीन एकर

गयाक्का गेली ही खबर मला, तिच्या सख्ख्या भावाला, परक्या माणसानं दिली. शेजारच्या रानातला गडी बांधावरून ओरडला, "मालक, आक्का उठंनात..." मी धावलो. रानातल्या खोलीला आमच्याकडं आखाडा म्हणतात. तिच्या आखाड्याचा उंबरा मी अकरा वर्षांत ओलांडला नव्हता, तो ती गेल्यावर ओलांडला. महिना झाला, पण मनातली लाज काही जाईना.

ती माझ्याहून चार वर्षांनी थोरली. नवऱ्यानं टाकल्यावर वडिलांनी तिला घरी आणलं, आणि ती आमच्या घरात राबराब राबली. मी सरपंचकीला उभा राहिलो तेव्हा मतदार यादीत तिचं नाव मीच घातलं. मत टाकून आली आणि बोटावरची शाई साऱ्या आळीला दाखवत फिरली. मग वडील वारले. आमच्याकडं रीतच अशी, की तेरवी झाली की तलाठ्यासमोर बहिणींनी हक्क सोडल्याची सही करायची आणि भावानं लुगडं नेसवायचं. मी मानवतहून चांगलं भारीतलं लुगडं आणून ठेवलं होतं. ती नाही म्हणेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. काय म्हणावं या अकलेला!

ओसरीत पंच बसलेले. तलाठ्यानं कागद पुढं सरकवला, तशी गयाक्कानं हात पदराखाली घेतले. "म्या न्हाई करत सही." माझी कानशिलं तापली. "आक्का, लोक बगायलेत," मी दातओठ खात म्हणालो. "बगू दे की! तुज्या निवडणुकीला माजं नाव लागतंय, आन् बापाच्या रानाला लागत न्हाई व्हय रे? उद्या तू भाईर काढलंस तर म्या कुठं जावं?" त्यावर मी नको ते बोललो... "उद्या कशाला, आत्ताच नीघ. आजपासून तुला माहेर मेलं!" ती उठली आणि नेसत्या लुगड्यानिशी आखाड्यावर गेली.

मी काय कमी छळलं तिला? विहिरीचं पाणी तोडलं, दमदाटीला माणसं धाडली. ती बधली नाही, तहशिलीत खेटे घालत राहिली. बारा एकरांत कायद्यानं तिला तीनच आले, मला पोरगा म्हणून नऊ. त्या तिनात कापूस लावून ती एकटी जगली. राखीच्या दिवशी मी वाट बदलून जायचो. यंदा, चौऱ्याण्णव साली, मुलींना बरोबरीचा हिस्सा देणारा कायदा राज्यात आला म्हणतात, पण तोही आधीच लग्न झालेल्यांना सोडून.

मागच्या आठवड्यात तलाठी आला. म्हणाला, "आक्काला मूलबाळ न्हाई, जमीन बापाकडची. आता तुमच्याच नावावर येती." जे भांडून मिळालं नाही ते आपसूक पदरात! मला ते पचेना. माझी लेक सुमन, गंगाखेडला दिलेली, तिला बोलावून आखाड्यावर नेलं. चुलीतली राख अजून तशीच होती. म्हणालो, "पोरी, आत्याचं रान तुला बक्षीसपत्र करून देतो." वाटलं, हरखेल. ती चुलीपाशी खाली बसली.

"नको बाबा."

"का गं?"

"आत्याला रान भेटलं, पर अकरा वर्सं कुणी 'ये बाई' म्हणलं न्हाई. दादा बी तुमचाच ल्योक हाय. मला माहेर पायजे."

दादा माझ्यासारखं करणार नाही, एवढंच मी तिला सांगायला हवं होतं. मला ते छातीठोकपणे सांगता आलं नाही.