थर्मासातला बर्फ

बाई पडवीत आल्या की आधी थर्मास कानाशी धरून हलवायच्या. आत बर्फ खुळखुळला की तोंडभर हसायच्या. "वाजतोय, मास्तर! वाजतोय तोवर औषध, मग नुसतं पाणी."

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी हातखंब्याच्या आतल्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. बाई सरकारी दवाखान्यातल्या नर्स. महिन्यातून एकदा रत्नागिरीहून पोलिओचे डोस घेऊन एसटीने यायच्या आणि शाळेच्या पडवीत बसायच्या. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. पांढऱ्या साडीच्या काठाला कायम लाल माती. पोर रडायला लागलं की बाईही रडवेलं तोंड करायच्या. पोर चकित होऊन बघत राहायचं आणि तेवढ्यात उघड्या तोंडात दोन थेंब पडलेले असायचे.

एका चैत्रात एसटी वाटेत बंद पडली. बाई भर दुपारी पोचल्या. काजूची कामं टाकून आलेल्या बायका पडवीत ताटकळत बसल्या होत्या. बाईंनी थर्मास हलवला, पुन्हा हलवला. "आज नाही," त्या म्हणाल्या.

"एवढ्या आल्यात, तर द्या की," मी म्हणालो.

"आयांना वाटेल डोस झाला, आणि पोर तसंच राहील. कसं देऊ मी?"

परतीची एसटी गाठायला त्या लगबगीने निघाल्या. बायकांनी मला कारण विचारलं. आणि मी, गावातला एकटा शहाणा, म्हणालो, "औषध नासलं. बरं झालं दिलं नाही ते."

पुढच्या महिन्यात बर्फ चांगला वाजत होता आणि पडवी रिकामी होती. बाई घरोघर गेल्या. सगळीकडे एकच उत्तर, "नासकं औषध नको. मास्तरच बोलले." बाईंनी प्रत्येक दारात दोन थेंब स्वतःच्या जिभेवर घेऊन दाखवले. काहीजणी तयार झाल्या. शाळेशेजारची मात्र हलेना. नवरा मुंबईला, मांडीवर आठ महिन्यांची मुलगी. "हे येऊ देत गणपतीला, मग बघू. काय झालं तर मलाच बोलतील."

संध्याकाळी बाई माझ्याकडे आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "मास्तर, इथे तुमचा शब्द चालतो. शेजारी एकदा माझ्याबरोबर चला. आजचं औषध चांगलं आहे, एवढंच सांगा."

"निकालाची कामं आहेत," मी म्हणालो. "रविवारी मीच सांगतो तिला."

कामं कसली? आपण चुकीचं बोललो हे सांगायची लाज वाटत होती. तो रविवार गेला, पुढचेही गेले. घर दहा पावलांवर होतं.

श्रावणात त्या मुलीला ताप आला. ताप उतरला, पण डावा पाय लुळा पडला. वेळेवर डोस मिळाले असते तर तो वाचला असता का, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मिळाले नाहीत, ते माझ्यामुळे.

कळल्यावर बाई धावत आल्या. आई त्यांच्यावर ओरडली, "तुमचं औषध नासकं, म्हणून घेतलं नाय मी!" मी कुंपणापाशी उभा होतो. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्या तिला म्हणाल्या, "चुकलं गं माझं. त्या दिवशी बर्फ जास्त आणायला हवा होता."

मी कुंपणापासून शाळेकडे वळलो.

वर्षभरात बाईंची दापोलीकडे बदली झाली. एसटीची वाट बघताना त्यांनी सवयीने थर्मास कानाशी नेला. तो रिकामा होता. स्वतःशीच हसल्या आणि गाडीत चढल्या. पुन्हा भेट झाली नाही. पत्र लिहायला मी दोनदा बसलो, ते "सादर नमस्कार"च्या पुढे गेलं नाही.

ती मुलगी माझ्याच शाळेत आली. गुडघ्यावर हात दाबत पडवीच्या पायऱ्या चढायची. तिसरीत असताना एकदा माझ्या टेबलाशी उभी राहिली.

"गुरुजी, आई म्हणते, त्या नर्सबाईंचं औषध नासकं होतं. खरं का ओ?"

"जा, घंटा होईल आता," मी म्हणालो.

ती पाय सावरत वर्गात गेली. घंटेला अजून बराच वेळ होता.