कोपरा फाटलेलं कार्ड

भूगोल मला शाळेआधी थोरल्या भावानं शिकवला. पोलीस ॲक्शननंतर तो खुलताबाद सोडून मुंबईला गेला आणि मालाच्या बोटीवर खलाशी झाला. बोट ज्या बंदराला लागेल तिथून तो घरी कार्ड धाडायचा. मजकूर ठरलेला: मी खुशाल आहे, आईला दंडवत, धाकट्याचं शिक्षण थांबवू नये. त्या कार्डावरचं तिकीट माझं. एडन, कोलंबो, पोर्ट सैद. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकही झालं नव्हतं, आणि मी औरंगाबादेत कॉलेजात शिकत होतो तो त्याच्याच जिवावर. खोलीत एक जुना नकाशा होता. तिकीट हातात घेऊन मी त्यावर भाऊ शोधायचो.

अडचण एकच. कार्ड आलं की आई आधी त्याला हळदकुंकू वाहायची, तेही नेमकं तिकिटावरच्या राणीच्या तोंडावर. मी कुरकुरलो की म्हणायची, "बाईमाणूस हाय ती. तिला कुंकू लावाया तुला रं काय तरास?"

त्या शनिवारी मी मोटारीनं घरी आलो तर अंगणात गल्लीतल्या बाया बसलेल्या. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. आई उंबऱ्यात भिंतीला टेकून होती आणि तिची नजर माझ्यावर पडूनही तिनं मला पाहिलं नाही. वहिनीचा हात चुलतीनं मनगटाशी धरला होता. चुलता मला दाराबाहेर घेऊन गेला. तिथं दगडाखाली एक कार्ड दाबून ठेवलं होतं. त्याचा वरचा उजवा कोपरा फाटलेला होता.

आमच्याकडे मयताची खबर पत्रानं द्यायची तर पत्राचा कोपरा फाडून धाडत. वाचता न येणाऱ्या माणसालाही ते हातात घेताच कळावं म्हणून. असलं पत्र घरात नेत नसत. पोस्टमन हे कार्ड दारात टाकून पुढं गेला होता, आईनं ते उचललं होतं आणि तिथंच बसली होती. चुलत्यानं ते बाहेर दगडाखाली दाबल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. मी कॉलेजात शिकणारा, तरी तो कोपरा बघून माझ्याही मनात दुसरा विचार आला नाही.

चुलता म्हणाला, "वाच. आता तुलाच वाचायचंय."

मी वाचलं. मी खुशाल आहे. आईला दंडवत. बोट मोंबासाला लागली आहे.

मी धावत अंगणात आलो आणि पुन्हा मोठ्यानं वाचलं. अक्षर भावाचंच होतं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. चुलती मात्र हलली नाही.

"ते त्यानं आधी लिवलं आसंल," ती म्हणाली. "पर कोपरा कुणी फाडला? मागून कुणीतरी फाडला ना?"

मरणाऱ्याच्या खिशात लिहून ठेवलेलं कार्ड सापडलं, सोबत्यानं कोपरा फाडून टपालात टाकलं, असं घडू शकत होतं. तिचं बोलणं खोडायला माझ्या सगळ्या शिक्षणात काही नव्हतं. चुलतीच्या पायाशी बांगड्या फोडायचा दगड होता. वहिनीच्या डाव्या हातातली एक तर फुटलेलीच होती.

वहिनी तेव्हा बोलली. "भावजी, तुमचं तिकीट कुठं हाय?"

मी कार्डाकडे पाहिलं. तिकिटाची जागा म्हणजेच तो कोपरा होता.

"थांबा," मी चुलतीला म्हणालो, आणि पोस्टमनच्या खोलीकडे पळालो. निजामाची टपाल तिकिटं बंद झाल्यावर बदलून आलेला हा कोकणातला माणूस. ताटावर बसला होता. मी कार्ड पुढं धरलं.

"आलास होय? घे तुझं," असं म्हणून त्यानं खुंटीवरच्या टोपीच्या घडीतून तिकीट काढलं, कागदासकट. जिराफाचं होतं. "तूच म्हणाला होतास ना, आई कुंकवानं खराब करते म्हणून? म्हटलं, आधीच काढून ठेवू."

मी त्याला कोपऱ्याचा अर्थ सांगितला. त्याचा हात ताटात तसाच राहिला.

"आमच्याकडे तसलं पत्र वाचून टराटरा फाडतात रे. कोपरा कोण बघतो?" मग न जेवताच तो माझ्याबरोबर निघाला.

अंगणात मी तुकडा कार्डाला लावून दाखवला. फाटलेली कड कडेत बसली. पोस्टमन हात जोडून उभा होता. आईनं तो सांधा बोटानं दोनदा चाचपला, मग ज्वारीच्या पिठाची खळ करून तुकडा स्वतः चिकटवला आणि वर कुंकू लावलं. चुलतीनं दगड पदराआड घेतला. वहिनीच्या फुटक्या बांगडीचे तुकडे वेचत ती पुटपुटली, "वाढली म्हणायचं, बाई. वाढली." वहिनीनं उरलेल्या बांगड्या पदराखाली झाकून घेतल्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी भाऊ आला. झालेलं ऐकून तो आधी हसला, मग वहिनीच्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

पुढं पदवी आणि नोकरीच्या जोरावर मीही देश पाहिले. मोंबासाला गेलो तेव्हा वहिनीसाठी एक कार्ड लिहिलं, तिकीट चिकटवलं आणि टपालपेटीपाशी गेलो. पण ते आत सोडवेना. शेवटी दुकानातून लिफाफा आणला, कार्ड त्यात घातलं आणि नवं तिकीट कोपऱ्यापासून लांब, पत्त्याला खेटून चिकटवलं.