चार्टवर आहे तसं कर

मस्कतला जायला निघालो त्या दिवशी राजूरच्या स्टँडवर मी रडलो, ते घर सुटतंय म्हणून नव्हे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईला वाटलं पोराचा जीव तुटतोय. तिने पदराने माझं तोंड पुसलं. मला मात्र एकच भीती होती. किसनमामा निरोप द्यायला येईल आणि चारचौघांत काहीतरी बोलून जाईल.

मामा आलाच. डाव्या हातात तांदळाची पिशवी होती, कारण उजव्या हाताची दोन बोटं तोवर गेलेली होती. "तिकडं आपल्यावानी तांदूळ मिळतो का न्हाई, कुनास ठाऊक," म्हणाला. एसटी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो एवढंच म्हणाला, "पोचल्याव फोन कर. बाजारात सांगू आमी समद्यांला." गाडी अकोले-संगमनेर रस्त्याला लागली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आई मागे राहिली, गाव मागे राहिलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

गावातल्या पोरांनी यंदा गावच्या अंकासाठी सांगितलं, तुमच्या करिअरवर चार शब्द लिहा. प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये कसे गेलात, सर्टिफिकेटचा उपयोग काय झाला, मार्गदर्शन होईल. जे तुम्ही राजूरला राहिलात आणि जे माझ्यासारखे बाहेर गेलात, त्या सगळ्यांसाठी लिहितो आहे. मार्गदर्शन होईल का, माहीत नाही.

नव्वदच्या दशकात संगमनेरहून सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन मी नगरला आलो. मामा तिथे नागापूरच्या एमआयडीसीत सेंटरिंगचा मिस्त्री होता. स्लॅब ओतण्याआधी खाली फळ्या आणि टेकू लावायचे आणि स्लॅब पक्का झाला की ते काढायचे, हे त्याचं काम. त्यानेच आपल्या कॉन्ट्रॅक्टरकडे माझा शब्द टाकला आणि आपल्याच खोलीत मला ठेवून घेतलं. निघताना आईने बजावलं होतं, "मामाला इचारल्याबिगर काय करू नको." झालं उलटंच. मामाच मला विचारायला लागला.

कारण मी बार चार्ट काढायचो. मोठ्या कागदावर कामांची नावं, पुढे आठवडे आणि प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. साईटवर तोवर सगळं तोंडी चालायचं. माझा कागद ऑफिसच्या भिंतीवर लागला आणि मामा येईल त्या गवंड्याला धरून आणून दाखवायचा. "ह्यो माझ्या भाच्यानं काढलाय. कोन कवा काय करनार, समदं ह्याच्यात हाय." एक गवंडी म्हणाला, "मंग पगार कवा हुनार ते बी काढलंय का बघा की!" सगळ्यात मोठ्याने मामाच हसला. आपल्या घरातलं पोर कागदावर रेघ ओढतं आणि त्या रेघेप्रमाणे माणसं हलतात, याचं त्याला कोण कौतुक. आमच्या घराण्यात तोवर सगळ्यांनी दुसऱ्याने ओढलेल्या रेघेप्रमाणेच काम केलं होतं.

आमचे कॉन्ट्रॅक्टर साहेब मला म्हणाले होते, बाहेर जायचं तर नुसता डिप्लोमा चालत नाही, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट लागतं. म्हणून दर रविवारी मी पुण्याला क्लासला जाऊ लागलो. साईटला रविवारची सुट्टी नसायची, ऑफिसला असायची.

एका कारखान्याच्या ऑफिसचा स्लॅब होता. ओतला त्या दिवशी रिवाजाप्रमाणे मटणाचं जेवण झालं. नारळ मुकादमाने फोडला. मामा बाजूला हाताची घडी घालून उभा होता, पण जेवताना सगळ्यांच्या मध्ये बसला. पुढच्या आठवड्यात पार्टीने, म्हणजे कारखान्याच्या मालकाने, उद्घाटनाची तारीख अलीकडे घेतली. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "कुठून तरी दिवस काढ." मी चार्ट खाली उतरवला. विटांच्या कामाचे दिवस कमी होत नव्हते, वायरिंगचेही होत नव्हते. सगळ्यात लांब आणि रिकामी दिसणारी एकच पट्टी होती, टेकू ठेवण्याची. त्या दिवसांत कुणी काही करत नसतं, स्लॅब नुसता मुरत असतो. मी खोडरबर घेतलं आणि ती पट्टी आखूड केली. हे बरं नाही, हे मला कळत होतं. पण साहेबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, आणि नोकरी नवी होती.

त्यामुळे टेकू काढायचा दिवस नेमका रविवारी आला. मी पुण्याला निघायला बूट घालत होतो. मामी भाकरी बांधून देत होती. मामा दारात येऊन म्हणाला, "सिद्धार्था, आज टेकू काढायचं म्हनत्यात. लवकर न्हाई का व्हत?"

मी बुटाच्या नाडीकडे बघत म्हणालो, "चार्टवर आहे तसं कर."

"तू म्हनतोस तर झालंच मंग," म्हणाला, आणि हातोडा घेऊन गेला.

त्या दिवशी क्लासमध्ये सरांनी 'फ्लोट' शिकवला. फ्लोट म्हणजे एखाद्या कामाला असलेली सवड. काही कामं दोन दिवस उशिरा झाली तरी बिघडत नाही, काहींना मात्र सवडच नसते. सवड नसलेल्या कामाचं उदाहरण सरांनी फळ्यावर लिहिलं, काँक्रीट मुरणे. चहाच्या सुट्टीत एसटीडी बूथवरून साईट ऑफिसला फोन लावला. रविवार होता, रिंग नुसती वाजत राहिली. तसाच शिवाजीनगरच्या स्टँडवर आलो आणि नगरची गाडी धरली. शिरूरला गाडी चहाला थांबली, तेव्हा ड्रायव्हरच्या पाया पडावं असं वाटलं, पण जागेवरच बसून राहिलो. शेजारच्या बाईने विचारलं, "दादा, बरं न्हाई का?" मी मान हलवली. प्रत्येक मैलाला मी मामाला मेलेला बघत होतो.

मामा मेला नव्हता. स्लॅबचा कोपरा आला होता खाली. बाकीची माणसं पळाली होती. मामा सगळ्यात आत होता, त्याचा उजवा हात खाली चिरडला. सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा साहेब त्याच्या खाटेशी उभे होते. "कुणी सांगितलं होतं काढायला?" साहेब विचारत होते, आणि त्यांनाही उत्तर माहीत होतं.

मामाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्याच मनानं काढलं, साहेब. घाई झाली माझी. ह्यो तर हितं नव्हताच."

साहेब माझ्याकडे वळले. मी मान हलवली. नव्हतो. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "तू पुण्याला होतास. एवढंच लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. मामाला पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही. तो आणि मामी राजूरला परतले. मी खोली सोडली नाही, क्लासही सोडला नाही. मला सर्टिफिकेट मिळालं.

इथपर्यंत सांगून थांबलो असतो, तर भीती आणि वय एवढं कारण पुरलं असतं. पण मुंबईत मस्कतच्या नोकरीची मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, तुमच्या हातातलं एखादं काम फसलंय का, आणि त्यातून काय शिकलात? माझी जीभ भराभर चालू लागली. एका अडाणी मिस्त्रीने प्लॅन न पाहता टेकू काढले, त्यातून मी देखरेखीचं महत्त्व शिकलो, असं मी सांगितलं. इंग्रजीत सांगितलं. ते खूश झाले. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या उत्तरावर उभं आहे.

सर्टिफिकेटचा उपयोग विचाराल तर आहे. ते नसतं तर मला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि त्या अभ्यासात जे शिकवतात ते खरं असतं. जरूर करा. त्या परीक्षेत माझ्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, ही परीक्षेची चूक नाही. इकडे मस्कतला स्लॅबचे टेकू निघतात त्या दिवशी मी रजा घेत नाही, मीटिंगला जात नाही, स्वतः तिथे उभा राहतो. हातोड्याचा पहिला ठोका पडला की मी आतली माणसं मोजू लागतो. ज्युनिअर मुलं म्हणतात, सर फार काटेकोर आहेत. दोनदा त्याबद्दल माझा सत्कारही झाला. मी काटेकोर नाही. मी घाबरलेला आहे.

पहिल्या काही वर्षांतच गावात घर बांधलं. स्लॅबच्या दिवशी मी रजेवर आलो होतो. सगळं गाव जेवायला. मामा ताट घेऊन लांब, चिंचेखाली बसला. कुणीतरी ओरडलं, "किसनराव, तिथंच बसा बरं का! तुमी खाली आला की स्लॅब खाली येतो!" हशा पिकला. कळलं की त्याचं नाव गावात 'स्लॅबपाड्या' पडलंय. पोरंसुद्धा म्हणतात. मामाही हसला. वाढपी हसले. आणि मी, हातात जिलेबीचं ताट घेतलेला मी, सगळ्यांबरोबर हसलो.

त्या घराच्या छताखाली मामा कधी आलेला नाही. आई बोलावते. तो अंगणातच बसतो, चहा बाहेर घेतो. "हितंच बरं हाय, वारं लागतं," म्हणतो. परदेशात राहणारी माणसं घर म्हणून जे काही आठवतात, चुलीचा वास, नदी, ओटा, ते मला आठवत नाही असं नाही. पण घर म्हटलं की आधी तेच दिसतं. माझ्या पैशाचं पक्कं छत, आणि बाहेर बसलेला मामा.

मामा म्हातारा झालाय, पण आहे. दिवस मी कमी केले होते आणि टेकू काढायला मी सांगितलं होतं, हे मी राजूरच्या बाजारात, त्याला शेजारी उभं करून, हसलेल्या सगळ्यांसमोर बोलायला हवं. इथे लिहिलं, पण त्याला वाचता येत नाही. ते बोलणं मी त्याला अजून देणं लागतो.